‘गोल्ड मॅरिलिन मन्रो’ला संग्रहालय रंगचित्र का म्हणते?

संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे मोमामध्ये, अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचे १९६२ चे ‘गोल्ड मॅरिलिन मन्रो’ हे काम आहे. त्यातला चेहरा एका छायाचित्रावरून स्क्रीनने छापलेला असूनही संग्रहालय त्याची नोंद मुद्राचित्रांत, म्हणजे प्रती काढण्यासाठी छापलेल्या चित्रांत, न करता चित्र व शिल्प विभागात का करते, हा पहिला प्रश्न. छापील म्हणावे अशा वस्तूला त्या संग्रहात एवढे मानाचे स्थान कसे मिळाले, हा दुसरा. आणि आपल्याकडच्या एखाद्या संग्रहात कॅनव्हासवर स्क्रीनने छापलेले काम आले तर नोंदवहीत काय लिहावे, हा तिसरा. मी बरीच वर्षे संग्रहांच्या नोंदी आणि चित्रांचे जतन या कामात असल्याने उत्तर त्याच बाजूने देत आहे. कलासमीक्षेची बाजू त्यात ओघाने येईल तेवढीच. माझ्या मते या कामातले निर्णायक असे जे काही आहे ते स्क्रीन तयार करताना नव्हे, तर ती कॅनव्हासवर टेकल्यावर घडलेले आहे, आणि वर्गीकरण, संग्रहातले स्थान व जतनाच्या अडचणी या तिन्ही गोष्टी त्यातूनच निघतात.

आधी वस्तू नीट पाहू. कॅनव्हास २११.४ सेंटिमीटर उंच आणि १४४.७ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ सात फूट बाय पावणेपाच फूट. हे सगळे क्षेत्र सोनेरी रंगाने भरलेले असून मध्याच्या आसपास मॅरिलिनचा एकच चेहरा आहे, आणि तो कॅनव्हासच्या मानाने बराच लहान आहे. पुस्तकातल्या चित्रांत हे प्रमाण नीट कळत नाही, कारण छापताना बहुधा चेहऱ्याभोवतीचे सोने कापले जाते. चेहरा घेतला आहे तो ‘नायगारा’ या १९५३ च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जीन कॉर्नमन यांनी काढलेल्या छायाचित्रावरून. मूळ छायाचित्रात खांदे आणि छातीही दिसते. वॉरहॉलने त्यावर रेघा मारून चौकट थेट मानेपर्यंत वर आणली. म्हणजे जे लाखो लोकांनी पाहिले होते त्यातलेही त्याने सगळे घेतले नाही. स्क्रीन बनण्याआधी झालेला हा एक महत्त्वाचा निर्णय, हे मी मान्य करतो. पण असा निर्णय पोस्टर बनवणारा कोणीही जाहिरात-कलाकार रोज घेत असतो, आणि वॉरहॉल स्वतः १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधला चांगला चालणारा जाहिरात-चित्रकार होता.

स्क्रीन प्रिंटिंग मराठी वाचकाला अपरिचित नाही. लग्नपत्रिका, स्टिकर, टी-शर्ट, कापडी फलक हे सगळे गावोगावच्या छोट्या दुकानांत याच पद्धतीने छापले गेले आहे. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवतात, त्यावर प्रकाशाला संवेदनशील असे इमल्शन लावतात, वर पॉझिटिव्ह फिल्म ठेवून उजेड देतात. जिथे उजेड लागतो तिथले इमल्शन कडक होते, आणि फिल्मच्या काळ्या भागाखालचे मऊ राहून पाण्याने धुतले जाते. मग चौकट कागदावर किंवा कापडावर टेकवून वरून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याने, शाई ओढली की मोकळ्या जाळीतून ती खाली उतरते. छायाचित्र असेल तर करड्या छटा हाफटोनच्या ठिपक्यांत बदलून घ्याव्या लागतात. वॉरहॉल या वाटेने टप्प्याटप्प्याने आला. आधी त्याने रबरी शिक्के वापरले, मग १९६२ च्या पूर्वार्धात हाताने काढलेल्या डॉलरच्या नोटांच्या स्क्रीन केल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये छायाचित्रावरून बनवलेल्या स्क्रीनकडे तो वळला. मॅरिलिनचा मृत्यूही त्याच ऑगस्टच्या सुरुवातीचा. नवे तंत्र आणि त्याला लागणारा चेहरा या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात हाती आल्या, यात योगायोगाचा वाटा मोठा आहे. नंतरच्या लेखकांनी त्यात जेवढी योजना पाहिली तेवढी ती असेल असे मला वाटत नाही.

आता जवळून पाहण्याचा भाग. दुकानात चार रंगांचे काम असते तेव्हा प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन असते आणि कारागिराची सारी हुशारी रजिस्ट्रेशन, म्हणजे रंग एकमेकांवर अचूक बसणे, सांभाळण्यात जाते. रंग रेषेबाहेर गेला की ती पत्रिका रद्दीत टाकतात. ‘गोल्ड मॅरिलिन’मध्ये चेहऱ्याचा गुलाबी, केसांचा पिवळा, पापण्यांवरचा निळसर हिरवा आणि ओठांचा लाल हे रंग स्क्रीनने आलेले नाहीत. ते आधी ढोबळ आकारांत हाताने भरलेले आहेत, आणि त्यांच्यावर काळ्या शाईची एकच स्क्रीन ओढलेली आहे. त्यामुळे ओठांचा लाल ठसा आणि काळ्या शाईने दिसणारे ओठ यांचा मेळ पुरता बसत नाही; पिवळा रंग केसांच्या बटांमागे न जाता डोक्यावर घातलेल्या टोपीसारखा सपाट बसतो; पापणीवरचा रंग पापणीशी जेमतेम नाते ठेवतो. छायाचित्रातला खरा चेहरा आणि त्यावर थापलेला रंग हे दोन वेगळे थर आहेत, हे लपवलेले नाही. ही चूक आहे असे म्हणावे तर ती दुरुस्त करायला दुसरा कॅनव्हास घेता आला असता. ती ठेवली, आणि ठेवलेली चूक हा चित्रकाराचा निर्णय असतो.

वर्गीकरणाचा खरा आधार इथे आहे. एखादे काम कोणत्या उपकरणाने झाले यावरून विभाग ठरत नाही. ते कशावर आहे, किती प्रतींचे म्हणून योजले आहे आणि प्रत्येक प्रत दुसरीच्या जागी चालावी असा हेतू आहे का, या तीन प्रश्नांवरून तो ठरतो. तुलनेला उत्तम उदाहरण त्याच माणसाचे आणि त्याच छायाचित्राचे आहे. १९६७ मध्ये वॉरहॉलने ‘मॅरिलिन मन्रो’ हा दहा स्क्रीनप्रिंटचा संच काढला: कागदावर, प्रत्येक ताव ३६ इंच चौरस, आवृत्ती २५० संचांची. त्यात सगळे रंग स्क्रीननेच आलेले आहेत आणि एका संचातला ताव दुसऱ्या संचातल्या त्याच तावाच्या जागी ठेवला तर संग्राहकाची तक्रार नसावी, अशी अपेक्षा आहे. हा संचही मोमाकडे आहे, पण तो मुद्राचित्रांकडे. एकाच इमारतीत, एकाच छायाचित्रातून निघालेली दोन कामे दोन विभागांत आहेत, आणि त्यात विसंगती नाही. पहिल्यात स्क्रीन हे ब्रशसारखे एक साधन आहे. दुसऱ्यात ती साचा आहे.

कोणी म्हणेल की वॉरहॉलने तीच स्क्रीन इतर कॅनव्हासांवरही वापरली, मग ‘एकमेव’ कसे? याचे उत्तर लंडनच्या टेट संग्रहात आहे. १९६२ चेच ‘मॅरिलिन डिप्टिक’, म्हणजे दोन फलकांचे चित्र, टेटने १९८० मध्ये घेतले. त्यात तेच डोके पन्नास वेळा येते, डावीकडच्या कॅनव्हासवर पंचवीस रंगीत आणि उजवीकडे पंचवीस केवळ काळ्या शाईत. उजवीकडच्या रांगा पाहत गेले की एका ठिकाणी शाई इतकी साचली आहे की चेहरा बुडून जातो, आणि कडेला जाता जाता ती इतकी कमी होते की चेहरा पुसट धुरकट राहतो. जाळी चोक होणे, शाई कमीजास्त पडणे, स्क्वीजीवरचा दाब बदलणे: छापखान्यात ज्याला दोष म्हणतात त्यानेच एका साच्यातून पन्नास निरनिराळे चेहरे काढले आहेत. तिथे आवृत्ती नाही. पन्नास ठसे मिळून एक चित्र आहे. ‘गोल्ड’मध्ये याच्या उलट, एकच ठसा आणि भोवती भरपूर रिकामे सोने आहे, आणि ते सोने तर स्क्रीनचे नाहीच, ते कॅनव्हासवर रंगवलेले आहे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर या ‘छापील’ चित्राचा बहुतांश भाग छापलेला नाही, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

हा प्रघात एकट्या मोमाचा नाही. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग याने १९६२ च्या शरद ऋतूत वॉरहॉलच्या स्टुडिओला भेट दिल्यानंतर लवकरच स्वतःची स्क्रीनची चित्रे सुरू केली. त्याचे केनेडींचा चेहरा असलेले ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह वन’ हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अ‍ॅथिनियममध्ये आहे; तेही कॅनव्हासवरचे तैलरंग आणि स्क्रीनची शाई अशा वर्णनाने रंगचित्र म्हणूनच नोंदलेले आहे. राउशेनबर्ग शाईवर पुन्हा ब्रश फिरवत असे, त्यामुळे त्याच्याबाबत कोणाला शंका येत नाही. वॉरहॉल क्रम उलटा ठेवतो, ब्रश आधी आणि शाई शेवटी, म्हणून हात दिसत नाही असे वाटते.

आता दुसरा प्रश्न, आणि मला तो जास्त रंजक वाटतो. संग्रहातले स्थान केवळ चित्राच्या गुणावर ठरत नसते. ते कोणत्या दाराने आत आले यावरही ठरते. १९५६ मध्ये वॉरहॉलने एका बुटाचे रेखाचित्र मोमाला भेट म्हणून देऊ केले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मोमाचे पहिले संचालक आल्फ्रेड बार यांच्या सहीने उत्तर गेले की समितीने विचार करून ते न स्वीकारण्याचे ठरवले आहे, संग्रहालयाकडे प्रदर्शनाला आणि साठवणीला जागा मर्यादित आहे, आणि रेखाचित्र सोयीने घेऊन जावे. अशी पत्रे आमच्या कामात रोजची असतात आणि त्यांत अपमान नसतो. भेट नाकारणे हे संग्रह सांभाळण्याच्या कामातले निम्मे काम आहे. पण त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच माणसाचे सात फुटी चित्र चित्र व शिल्प विभागात दाखल झाले, आणि तेही जवळजवळ ओले असताना.

वाट अशी होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये एलिनॉर वॉर्ड यांच्या न्यूयॉर्कमधल्या स्टेबल गॅलरीत वॉरहॉलचे प्रदर्शन भरले. तिथून ‘गोल्ड मॅरिलिन मन्रो’ वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी घेतले आणि मोमाला दिले. त्याचा दाखल क्रमांक ३१६.१९६२ असा आहे. मोमाच्या पद्धतीत पहिला आकडा त्या वर्षातल्या नोंदीचा आणि दुसरा वर्षाचा, म्हणजे ज्या वर्षी चित्र रंगले त्याच वर्षी ते नोंदवहीत चढले. माझ्यासारख्याला हा क्रमांक चित्राइतकाच बोलका वाटतो. बहुतेक संग्रहालये नव्या कलेची दहा-पंधरा वर्षे वाट पाहतात आणि मग बाजारभावाने ती विकत घेतात. इथे संग्रहालयाने निकाल लागण्याआधीच वस्तू घेतली, आणि पैसे दुसऱ्याचे होते.

जॉन्सन हे नुसते श्रीमंत देणगीदार नव्हते. १९३२ मध्ये मोमाचा वास्तुकला विभाग त्यांच्या हाताखाली सुरू झाला, १९५३ ची शिल्पबाग त्यांनी आखली आणि ते संग्रहालयाचे विश्वस्तही होते. बार यांना एखादे काम हवे असे, पण समिती बिचकेल अशी भीती असे, तेव्हा जॉन्सन यांच्यासारख्या माणसाने ते घ्यायचे आणि योग्य वेळी द्यायचे, ही रीत ‘गोल्ड मॅरिलिन’च्या आधीपासून चालत होती. १९५८ मध्ये चित्रकार जॅस्पर जॉन्सचे ‘फ्लॅग’ याच वाटेने जॉन्सन यांच्याकडे गेले आणि १९७३ मध्ये बार यांच्या सन्मानार्थ भेट म्हणून मोमाकडे आले. तिथे पंधरा वर्षे लागली, इथे काही आठवडे. या दोन तारखांमधल्या फरकात पॉप आर्टविषयीचा, म्हणजे जाहिराती, सिनेमा, दुकानातल्या वस्तू यांतून विषय घेणाऱ्या कलेविषयीचा, आत्मविश्वास किती झपाट्याने वाढला ते दिसते.

पण त्या वेळी सगळे पटले होते असे नाही. १३ डिसेंबर १९६२ रोजी मोमातच तिथले क्युरेटर पीटर सेल्झ यांनी पॉप आर्टवर परिसंवाद घेतला. हेन्री गेल्डझालर यांनी बाजू घेतली, समीक्षक हिल्टन क्रेमर आणि कवी स्टॅन्ली क्युनिट्झ यांनी टीका केली, डोर अ‍ॅश्टन याही नाराजच होत्या, लिओ स्टाइनबर्ग यांनी निकाल न देता प्रश्न मांडले. म्हणजे सभागृहात वाद चालू होता तेव्हा नोंदवही पुढे गेली होती. संग्रहालय एकमुखी असते अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. एकाच छपराखाली एक विभाग शंका घेत असतो आणि दुसरा वस्तूला क्रमांक देत असतो.

याला आणखी एक मागचा संदर्भ आहे. मोमा १९२९ मध्ये सुरू झाले तेव्हा जुनी झालेली कामे पुढे सरकवावीत आणि संग्रह सतत नवा ठेवावा अशी कल्पना होती. १९४७ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाशी तसा करारही झाला, पण तो फार काळ टिकला नाही आणि १९५० च्या दशकात मोमाने आपला कायमचा संग्रह राखण्याचे ठरवले. ‘गोल्ड मॅरिलिन’ त्या बदललेल्या धोरणानंतर आत आले. आधीच्या धोरणात ते कधीतरी ‘जुने’ होऊन दुसरीकडे गेले असते. आज ते सेझान, पिकासो, पोलॉक यांच्याबरोबर एकाच विभागात मोजले जाते याला हा कारभारी निर्णय जेवढा कारणीभूत आहे तेवढा कोणताही समीक्षालेख नाही.

चित्राचे संग्रहातले काम काय, हेही बोलले पाहिजे. मोमाची भिंत पूर्वी साधारण अशी कथा सांगत असे: युरोपातील आधुनिकता, मग न्यूयॉर्कचे अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे वस्तू न दाखवता केवळ रंगांतून भावना मांडणारे पोलॉकसारखे चित्रकार, मग पुढे काय? पोलॉकच्या पिढीने कॅनव्हासभर पसरलेला रंग हा चित्रकाराच्या मनाचा थेट ठसा मानला होता. ‘गोल्ड मॅरिलिन’मध्येही कॅनव्हासभर रंग आहे, आकारही त्या पिढीच्या चित्रांच्या जवळ जाणारा आहे, पण मध्ये सिनेमाच्या जाहिरातीतला चेहरा येऊन बसतो. त्यामुळे ते दोन दालनांमधला सांधा म्हणून चालते, आणि क्युरेटरला अशी कामे फार हवी असतात. १९९६ मध्ये मोमाने ‘कॅम्पबेल्स सूप कॅन्स’चे बत्तीस कॅनव्हास मिळवले. ती चित्रे ‘गोल्ड’च्या काही महिने आधीची आणि स्क्रीनने न करता हाताने रंगवलेली आहेत. त्यामुळे आता त्याच संग्रहात वॉरहॉलचा हात सुटताना दिसतो: आधी यंत्रासारखे रंगवणे आणि लगेच नंतर खरोखरच यंत्र वापरणे. १९६२ सालातला हा बदल एकाच घरात बसून अभ्यासता यावा ही सोय दुर्मिळ आहे.

सोन्याविषयी मात्र सावध राहावे असे मला वाटते. वॉरहॉल पिट्सबर्गच्या कार्पाथो-रुसिन, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या स्लाव्ह, कुटुंबातला. घरचा पंथ बायझंटाइन कॅथलिक, आणि त्या चर्चमधल्या सोनेरी पार्श्वभूमीवरच्या संतप्रतिमा त्याने लहानपणापासून पाहिलेल्या. म्हणून ‘गोल्ड मॅरिलिन’ म्हणजे नव्या जगातली देवीप्रतिमा, असे जवळजवळ प्रत्येक पुस्तक सांगते. ते खोटे नाही. पण सोने त्याच्याकडे दुसऱ्या बाजूनेही आले होते: १९५७ मध्ये त्याने ‘अ गोल्ड बुक’ काढले होते, आणि त्या काळातल्या त्याच्या बुटांच्या चित्रांवर सोनेरी वर्ख होता, जो भक्तीपेक्षा दुकानाच्या काचेशी नाते सांगतो. शिवाय संतप्रतिमेत सोने हा खरा वर्ख असतो आणि तो प्रकाश परत फेकतो. इथे सोनेरी रंग आहे. हा फरक संवर्धकाला विसरता येत नाही, कारण रंग आणि वर्ख यांचे म्हातारपण वेगवेगळे असते.

जतनाचा भाग थोडा विस्ताराने सांगतो, कारण वर्गीकरणाचा व्यवहारातला परिणाम तिथे दिसतो. कागदावरचे स्क्रीनप्रिंट दाखवताना सर्वसाधारणपणे ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आसपास प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी त्याला पेटीत विश्रांती देतात. कॅनव्हासवरच्या रंगचित्राला १५० ते २०० लक्स चालतात आणि ते वर्षानुवर्षे भिंतीवर राहू शकते. म्हणजे विभाग बदलला तर चित्र लोकांना दिसण्याचे दिवसही बदलतात. मात्र पॉपच्या काळातल्या चित्रांना ‘रंगचित्र’ म्हणून निर्धास्त राहणे बरोबर नाही. धातूचा आभास देणाऱ्या अनेक रंगांत पितळेची किंवा कांस्याची पूड असते, ती हवेतल्या आर्द्रतेने आणि गंधकाने काळवंडते. कोणत्या रंगात काय आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर खोलीच्या तापमानाला किंचित मऊ राहतो, त्यामुळे धूळ त्यावर बसत नाही, रुतते. ओल्या बोळ्याने पुसावे तर थर फुगतो आणि त्यातली काही द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात. थंडीत तोच थर ठिसूळ होतो, म्हणून हिवाळ्यातला प्रवास जपून करावा लागतो.

सर्वात अवघड म्हणजे मोठे सपाट क्षेत्र. जुन्या तैलचित्रात झाडाच्या सावलीत एखादी दुरुस्ती लपून जाते. एकाच सोनेरी रंगाच्या सहा-सात फुटांच्या पृष्ठभागावर अंगठ्याएवढा ओरखडा कितीही कौशल्याने भरला तरी बाजूने प्रकाश पडला की वेगळा चमकतो, कारण धातूच्या रंगात छटेबरोबर कणांची दिशाही जुळवावी लागते, आणि ती हाताने जुळत नाही. म्हणून अशा चित्रांच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा अंतर राखणे, हात न लावणे आणि उचलताना कडेला बोट टेकू न देणे यांवरच भर असतो. वार्निश तर लावूच नये. वार्निशने सगळा पृष्ठभाग एकसारखा चमकू लागतो, आणि मग हाताने दिलेला रंग व स्क्रीनची शाई यांच्या पोतातला फरक, ज्याच्या बळावर आपण याला रंगचित्र म्हणालो, तोच बुजून जातो. रजिस्ट्रेशन हललेले पाहून कोणी उत्साहाने ओठांची कड ‘नीट’ केली तर ते जतन नव्हे, नुकसान ठरेल.

खरेपणाचा मुद्दाही स्क्रीनमुळे वेगळा होतो. तैलचित्राची नक्कल करणाऱ्याला हात कमवावा लागतो; स्क्रीन मात्र हाती लागली की ठसा तोच येतो. वॉरहॉलच्या कामांची खातरजमा करणारे मंडळ १९९५ मध्ये स्थापन झाले आणि न्यायालयीन वादांच्या खर्चानंतर २०१२ मध्ये बंद पडले. तेव्हापासून तर चित्र कोणाकडून कोणाकडे गेले ही साखळी हाच मोठा पुरावा आहे. या बाबतीत ‘गोल्ड मॅरिलिन’ची साखळी पाहावी तितकी आखूड आहे: स्टुडिओ, गॅलरी, देणगीदार, संग्रहालय, सगळे एका वर्षात. त्यामुळे १९६२ मधली शाई कशी बसत असे, कॅनव्हास कसा ताणलेला असे, कडा कशा सोडलेल्या असत, हे तपासताना त्याचा संदर्भनमुना म्हणून उपयोग होतो. मे २०२२ मध्ये १९६४ चे ‘शॉट सेज ब्लू मॅरिलिन’ लिलावात सुमारे १९.५ कोटी डॉलरला गेले. हे आकडे ऐकून डोळे विस्फारतात, पण संग्रहालयाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एवढाच की विम्याचा खर्च वाढतो आणि चित्र उसने देणे अवघड होते. भेट म्हणून आलेल्या वस्तूलाही भाव चढल्याची किंमत मोजावी लागते.

मूळ छायाचित्राच्या हक्काविषयी विद्यार्थिनीने विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. १८ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉरहॉल फाउंडेशनविरुद्ध सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. तो गायक प्रिन्स याच्या लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या छायाचित्रावरून केलेल्या चित्राचा आणि ते मासिकाला छापायला देण्याच्या परवान्याचा होता. निकाल त्या व्यावसायिक वापरापुरता आहे, आणि न्यायमूर्ती गोर्सच यांनी आपल्या सहमतीच्या मतात ना-नफा संग्रहालयात प्रदर्शित करण्याचा प्रश्न वेगळा ठरू शकतो असे सूचित केले आहे. भिंतीवरचे चित्र त्यामुळे हललेले नाही. दुकानातल्या मगवर ते छापण्याआधी मात्र आता वकिलाला विचारलेले बरे.

भारताशी या गोष्टीचा एक खरा धागा आहे. १९६७ मध्ये मोमाने पाठवलेले ‘टू डेकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग’ हे प्रदर्शन दिल्लीत ललित कला अकादमीत भरले होते, त्यात राउशेनबर्ग आणि वॉरहॉल यांची कामे होती आणि समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग त्या निमित्ताने आले होते. प्रदर्शनाच्या नावात ‘पेंटिंग’ हाच शब्द होता. म्हणजे तेव्हा स्क्रीनची चित्रे आपल्यापर्यंत आली ती रंगचित्र या नावानेच.

शेवटचा प्रश्न नोंदीचा. आपल्याकडे स्क्रीन प्रिंटिंग इतके घरगुती झाले आहे की कॅनव्हासवर छापलेले काम समोर आले की नोंद करणारा चटकन ‘प्रिंट’ लिहून मोकळा होतो, आणि मग ते कागदाच्या कपाटात आडवे पडते. तसे करू नये. माध्यमाच्या रकान्यात थर खालून वर या क्रमाने लिहावेत: कॅनव्हासवर हाताने दिलेला अमुक रंग, त्यावर स्क्रीनची शाई. केवळ ‘मिश्र माध्यम’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. आवृत्ती आहे का हे कलाकाराला किंवा कुटुंबाला विचारून उत्तर तारखेसह नोंदवावे. मागे ‘३/१०’ असा आकडा असेल तर तो जसाच्या तसा उतरवावा, अर्थ लावू नये. तारीख लिहिताना स्क्रीन केव्हा बनली आणि कॅनव्हास केव्हा छापला या दोन वेगळ्या तारखा आहेत हे लक्षात असू द्यावे, कारण स्क्रीन दहा वर्षांनीही पुन्हा वापरता येते. समोरून, बाजूच्या प्रकाशात आणि मागून असे तीन फोटो घ्यावेत, आणि चौथा कडांचा: तिथे जादाची शाई, टेपच्या खुणा, पहिला रंग कुठपर्यंत गेला होता हे दिसते. कलाकाराच्या घरी मूळ स्क्रीन किंवा पॉझिटिव्ह शिल्लक असेल तर ती जरूर घ्यावी, पण तिला वेगळा क्रमांक देऊन अभिलेखात ठेवावी. आणि तिच्यावरून नवा ठसा काढता येणार नाही अशी अट दानपत्रातच लिहून घ्यावी.